कर्म की कर्मा? यंत्रात शिरलेले पोथीतले शब्द

जिमच्या पाटीवर ‘योगा’, शेअर बाजाराच्या क्लासच्या फलकावर ‘सक्सेस मंत्रा’, पोरांच्या तोंडी ‘कर्मा’ आणि मोबाईलच्या पडद्यावर ‘ॲव्हटार’. चौघेही आपल्याच घरचे. इंग्रजीत जाऊन आले. येताना तिघांनी शेवटी काना आणला आणि चौथा तर ओळखूच येईना. रोमन लिपीत शेवटचा ‘अ’ दाखवायला ‘ए’ हे अक्षर लिहावे लागते. परत देवनागरीत आणताना आपण त्याचा ‘आ’ करतो, एवढीच यातली गोम.

हे चुकीचे आहे हे ठरवायला संस्कृत यावे लागत नाही, मराठी व्याकरण पुरते. आकारान्त पुल्लिंगी नामाला प्रत्यय लागला की सहसा त्याचे ‘या’ होते: घोडा – घोड्याचा, पंखा – पंख्याचा. त्या हिशेबाने ‘मंत्रा’चे ‘मंत्र्याचा’ व्हायला हवे, आणि ते थेट मंत्रिमंडळात जाऊन बसते. ‘योगा’चे ‘योग्याचा’ होते, म्हणजे योगी माणसाचा. प्रत्यक्षात ‘योगा’ म्हणणारा माणूसही पुढच्याच वाक्यात ‘योगाचा वर्ग’ म्हणतो, ‘योग्याचा वर्ग’ म्हणत नाही. प्रत्यय लागला की मूळ शब्द आपोआप परत येतो. त्यामुळे ही चूक फक्त प्रथमेत दिसते: पाटी, शीर्षक आणि बटण. मजकूर तपासताना तेवढ्या तीन जागा पाहिल्या तरी काम भागते.

सॉफ्टवेअरचे मराठीकरण करणाऱ्यांना हाच नियम दुसऱ्या बाजूने नडतो. इंग्रजी वाक्यात रिकामी जागा ठेवून तिथे हवा तो शब्द बसवता येतो. मराठीत ‘[शब्द]चा अर्थ’ असा साचा केला की पडद्यावर ‘मंत्रचा अर्थ’, ‘कर्मचा अर्थ’ अशी तुटकी मराठी येते. माणसाचे नाव असेल तर खपते, ‘रमेशचा फोटो’ कुणाला खटकत नाही. सामान्य नामाला मात्र सामान्यरूप लागतेच. एक तर प्रत्येक शब्दाचे सामान्यरूप वेगळ्या रकान्यात साठवायचे, नाहीतर वाक्य असे फिरवायचे की शब्द प्रथमेतच राहील: ‘शब्द: मंत्र. अर्थ:’ असे. दुसरा उपाय स्वस्त आहे आणि बहुतेक वेळा पुरतो.

‘अवतार’ हा या सगळ्यांत नशीबवान शब्द. अव म्हणजे खाली, तॄ म्हणजे तरणे, ओलांडणे; दोन्ही मिळून वरून खाली उतरणे. १९८५ साली रिचर्ड गॅरियटने ‘अल्टिमा’ या संगणकीय खेळाच्या चौथ्या भागात तो घेतला, पण तिथे अवतार ही मिळवायची पदवी होती. नुसता खलनायक मारून भागत नसे. खेळाडूने आठ सद्गुण अंगी बाणवले तर तो अवतार ठरे. त्याच सुमारास लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’ या खेळात चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी पडद्यावर हिंडणाऱ्या आकृत्यांना हे नाव दिले. माणूस घरी कमोडोर ६४ समोर बसलेला, आणि टेलिफोनच्या तारेपलीकडे त्याची आकृती दुसऱ्यांच्या आकृत्यांशी बोलते आहे. सद्गुणांची अट गळाली, उतरणे राहिले. आता तेही गेले आणि गोलातला एक चेहरा तेवढा उरला.

मराठीने हा ‘दिसते ते रूप’ अर्थ परस्पर कधीच काढून घेतला होता. ‘काय अवतार केलायस बे’ असे सोलापुरात म्हणतात तेव्हा त्यात विष्णू नसतो, विस्कटलेले केस आणि ग्रीसने माखलेला शर्ट असतो. म्हणून हा शब्द पडद्यावर सहज चालतो, फक्त जपून. खऱ्या छायाचित्राला ‘प्रोफाइल फोटो’ म्हणावे आणि काढलेल्या किंवा बनवलेल्या आकृतीला ‘अवतार’; दोन्हींना एकच शब्द वापरला की वापरणारा गोंधळतो. काढून टाकायच्या बटणावर ‘अवतार संपवा’ चुकूनही लिहू नये, कारण मराठीत अवतार संपतो तो माणूस गेल्यावर. ‘अवतार काढून टाका’ सरळ आहे. आणि एक आयती सोय: १ अवतार, ५ अवतार. एकवचन-अनेकवचन एकच असल्याने आकड्यांच्या वाक्यांचे दोन साचे करताना डोकेफोड होत नाही.

आता गुरू. आधी लेखन: एकटा असला की रू दीर्घ, समासात पहिला आला की ऱ्हस्व. गुरू, पण गुरुवार, गुरुदक्षिणा. मूळ अर्थ ‘जड’, म्हणून तर विज्ञानाच्या पुस्तकात गुरुत्वाकर्षण. इंग्रजीत मात्र ‘गुरू’ म्हणजे कुठल्याही विषयातला तज्ज्ञ, आणि संगणकाच्या जगात तर तो थेट बिघाडाच्या संदेशात जाऊन बसला आहे.

अमिगा नावाचा संगणक १९८५ मध्ये आला. तो कोसळला की काळ्या पडद्यावर लाल चौकट लुकलुकायची, आत ‘गुरू मेडिटेशन’ आणि पुढे आकडे. अमिगा कंपनीने त्याआधी जॉयबोर्ड नावाची पायाखाली घ्यायची फळी काढली होती. तिच्यावर तोल सांभाळून खेळ खेळायचा. यंत्र कोसळले की अभियंते त्या फळीवर मांडी घालून अजिबात न हलता बसायचे, त्यावरून हे नाव पडले. पुढच्या आवृत्त्यांत अमिगा विकणाऱ्या कमोडोरने ते काढून टाकले, पण गुरू काही गेला नाही. व्हार्निश या वेबपाने साठवून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५०३ त्रुटीच्या पानावर तो दिसतो, संगणकात संगणक चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये दिसतो, आणि आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या पोरांना सर्वांत जास्त भेटतो तो ईएसपी-३२ या चिपवर.

डाळिंबाच्या बागेत ठिबकचा व्हॉल्व्ह चालवायचा प्रकल्प असो की वर्गाची हजेरी, ईएसपी-३२ स्वस्त म्हणून तीच घेतली जाते. सिरीयल मॉनिटर (चिपचे संदेश दाखवणारी खिडकी) ११५२०० च्या वेगावर उघडला की कधीतरी ‘गुरू मेडिटेशन एरर: कोअर १ पॅनिक्ड (लोड प्रोहिबिटेड)’ अशी ओळ येते आणि चिप पुन्हा सुरू होते. पोरे घाबरून बोर्ड बदलतात. बोर्ड बहुधा चांगला असतो. कंसातला शब्द वाचायचा.

‘लोड प्रोहिबिटेड’ म्हणजे प्रोग्रामने नको त्या पत्त्यावरून वाचायचा प्रयत्न केला. ‘स्टोअर प्रोहिबिटेड’ म्हणजे लिहायचा. खालच्या यादीत ‘एक्ससीव्हीॲडर’ (EXCVADDR) हा आकडा पाहावा. तो शून्य असेल तर रिकामा, म्हणजे नल पॉइंटर वापरला गेला (पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता धरून ठेवणारा चल). शून्याच्या जवळचा लहान आकडा असेल तर रिकाम्या पॉइंटरवरून स्ट्रक्चरचा आतला एखादा भाग मागितला. ‘इलिगल इन्स्ट्रक्शन’ आले तर दोन गोष्टी आधी बघाव्यात: फ्रीआरटॉस या चिपवरच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमचे एखादे टास्क फंक्शन शेवटाला पोचून नुसतेच परतले आहे का (त्याने स्वतःला व्हीटास्कडिलीट करून संपवायचे असते), आणि जीपीआयओ ६ ते ११ या पिनांना काही जोडले आहे का. मूळ ईएसपी-३२ वर त्या पिना फ्लॅश मेमरीच्या कामाला असतात, तिथे रिले जोडला की चिपला स्वतःचा प्रोग्रामच वाचता येत नाही. ‘इंटरप्ट डब्ल्यूडीटी टाइमआउट’ आले तर इंटरप्टच्या, म्हणजे चालू काम थांबवून मधेच धावणाऱ्या फंक्शनमध्ये बहुधा छपाई किंवा डिले घातलेला असतो. मूळ मर्यादा ३०० मिलिसेकंदांची आहे. ‘स्टॅक कॅनरी’ असे शब्द दिसले तर त्या टास्कला दिलेला स्टॅक (कामापुरती तात्पुरती मेमरी) अपुरा पडला, तो वाढवावा.

‘बॅकट्रेस’नंतरचे पत्ते एक्सेप्शन डिकोडरमध्ये टाकले की कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवर घसरले ते कळते. इथे एक चूक हमखास होते. डिकोडरला त्याच बांधणीची, कंपाइल करताना तयार झालेली ईएलएफ फाइल लागते. मधे एक ओळ जरी बदलून पुन्हा कंपाइल केले असेल तर पत्ते सरकतात आणि डिकोडर भलतीच ओळ दाखवतो. बिघाड झाला की आधी ती फाइल बाजूला काढून ठेवावी, मग कोडला हात लावावा. (गुरूने ध्यान लावले असताना शिष्याने वेदी हलवू नये, तसेच हे.)

‘कर्म’ या शब्दाचे काय झाले ते सांगायला फार वेळ लागत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्लॅशडॉट या चर्चेच्या संकेतस्थळाने आणि पुढे रेडिटने सदस्याच्या खात्यावर ‘कर्मा’ नावाचे गुण ठेवायला सुरुवात केली: तुमचे लिहिणे लोकांना पटले की आकडा वर, नाही पटले की खाली. पण दुसऱ्यांनी दिलेली आणि चारचौघांत दिसणारी शिल्लक म्हणजे कर्म नव्हे, ती पुण्याई. गाठीशी पुण्य बांधतात, कर्म भोगतात. कोणी मराठीत असे गुण ठेवणारे ॲप बनवणार असेल तर ‘पुण्याई: १२०’ हे ‘कर्मा: १२०’ पेक्षा अचूकही आहे आणि गोडही. चित्रपटांतली दृश्ये बनवणाऱ्या हुडिनी या सॉफ्टवेअरमध्ये तर चित्र उमटवणाऱ्या भागाचे नाव बरीच वर्षे ‘मंत्रा’ होते. २०१९ पासून त्याची जागा घ्यायला ‘कर्मा’ आला. मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरचे जावास्क्रिप्ट इंजिन ‘चक्र’ होते, २०२० मध्ये त्यांनी ते सोडून गूगलचे घेतले. ही नावे कानाला गूढ वाटावीत म्हणून ठेवलेली असतात. त्यांत अर्थ शोधायला जाऊ नये.

खरा खोल गेलेला शब्द वेगळाच आहे, आणि तो सोलापूरकरांना समजावून सांगावा लागू नये: तंत्र. तंत्रज्ञान, तंत्रनिकेतन, तांत्रिक अडचण. हाच शब्द शैव-शाक्त आगमग्रंथांचा, म्हणून ‘तांत्रिक’ म्हटल्यावर एकाला आयटीआयवाला आठवतो आणि दुसऱ्याला लिंबू-मिरचीवाला. पण दोघांच्याही आधी तंत्र म्हणजे माग, आणि मागावर ताणलेला उभा धागा. धातू तन्, ताणणे. आपला ताणा त्याचाच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात (१०.७१.९) तंत्र विणणाऱ्या लोकांचा उल्लेख आहे. सूत्र म्हणजे सूत. ग्रंथ म्हणजे गाठ मारून बांधलेले. धर्माची निम्मी परिभाषा मागावरून उचललेली आहे आणि ज्ञानविज्ञानाने ती धर्माकडून घेतली. सोलापूरच्या पूर्वभागातल्या कारखान्यात जो ताणा बीमवर चढतो, त्याच्याच नावाने तंत्रशिक्षण संचालनालय चालते.

आणि हा दुवा नुसता शब्दांचा नाही. चादरीवरचे नक्षीकाम मागावर बसवलेल्या जकार्ड यंत्रावर होते, आणि पंचकार्डाची कल्पना संगणकाने तिथूनच घेतली. फ्रान्समध्ये जकार्डने हे यंत्र १८०४ साली आणले. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक फेक. कार्डाला जिथे भोक असते तिथे सुई आत जाते, तिचा हुक वर उचलणाऱ्या पातीवर टिकतो आणि ताण्यातला तो धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, हुक पातीवरून सुटतो, धागा खालीच राहतो. भोक आहे किंवा नाही, तिसरी गोष्ट नाही. कार्डे एकमेकांना शिवून माळ केलेली असते, म्हणून एखाद्या भोकाची कड फाटली की चूक एकदाच होऊन थांबत नाही. माळेचा फेरा पूर्ण झाला की प्रत्येक वेळी नक्षीत त्याच जागी तोच धागा चुकतो. दोष ठरावीक अंतराने येत असेल तर कार्ड पाहावे. एकाच उभ्या रेषेत सलग येत असेल तर कार्ड निर्दोष आहे. सुई, हुक किंवा त्याची दोरी तपासावी. प्रोग्राममधला दोष आणि यंत्रातला दोष वेगळा काढायची रीत याहून निराळी नाही.

सूत्राचेही तसेच. स्प्रेडशीटमधल्या ‘फॉर्म्युल्या’ला मराठीत सूत्र म्हणतो ते चपखल आहे, कारण सूत्राची जुनी अट हीच: अक्षरे कमी आणि संदिग्धता शून्य. पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रे आहेत आणि त्यांतले एक (१.४.२) ‘विप्रतिषेधे परं कार्यम्’, म्हणजे दोन नियम भिडले तर नंतरचा लागू. वेबपाने सजवणाऱ्या सीएसएसमध्ये तोलाचे दोन नियम भिडले की नेमके हेच होते. शैली का बदलत नाही म्हणून डोके धरणाऱ्याने आधी खाली कुठे दुसरा नियम लिहिला आहे का ते पाहावे.

सरकारी नावांकडे वळलो तर ‘दीक्षा’ घरोघरी पोचली आहे. वीरशैव घरात दीक्षा म्हणजे लिंगदीक्षा. शाळेत दीक्षा म्हणजे २०१७ मध्ये सुरू झालेले ॲप. पाठ्यपुस्तकावरचा क्यूआर कोड स्कॅन होत नसेल (वहीचे कव्हर घालून चुरगळला, किंवा झेरॉक्सची झेरॉक्स असली की होत नाही) तर त्याच्याखाली छापलेला सहा अक्षरांचा संकेत ॲपच्या शोधात टाकावा, धडा उघडतो. क्यूआर कोडवाल्या पुस्तकांची गोष्ट आपल्याच सोलापूर जिल्ह्यातली, माढा तालुक्यातल्या परितेवाडीची. तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चे ग्लोबल टीचर प्राइज मिळाले ते मुलींच्या शिक्षणासाठी आणि याच कामासाठी. ‘डिजियात्रा’बद्दल मात्र माझे मत बरे नाही. चेहरा दाखवून विमानतळाच्या दारातून आत जाणे याला यात्रा म्हणायचे, तर सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला काय म्हणायचे?

गड्ड्यावरून आठवले, ‘संमती’. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांना जातात, यण्णीमज्जन (तेलाने अभिषेक) होते, आणि मग संमती कट्ट्यावर संमतीचे वाचन होऊन अक्षता पडतात. आधी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचन, मग अक्षता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याला ॲपकडून हाच क्रम हवा आहे: माहिती कशासाठी घेतो ते आधी सांगा, मग होकार घ्या, तो होकार मोकळा, नेमका आणि स्पष्ट कृतीने दिलेला असावा, आणि मागे घेणे देण्याइतकेच सोपे असावे. आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली चौकट यात बसत नाही. संमतीचा मजकूर इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागते, त्यात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चारही आल्या. म्हणजे सोलापूरची एकही पेठ सुटत नाही. शब्द नीट वेगळे ठेवावेत: माहिती वापरायला ‘संमती’, कॅमेरा-माइक उघडायला ‘परवानगी’, अटींच्या खाली ‘मला मान्य आहे’. तिन्हीकडे ‘सहमती’ लिहिले की कशाला हो म्हटले तेच कळत नाही.

रोजच्या मराठीने धर्मविधीतून जे उचलले आहे त्याच्यापुढे सिलिकॉन व्हॅली फिकी आहे. साहेबाने केलेला अभिषेक, टेबलाखालची दक्षिणा, बजेट स्वाहा, कामाचा श्रीगणेशा. माझा आवडता शब्द ‘सव्यापसव्य’. देवकार्यात जानवे डाव्या खांद्यावर, ते सव्य; पितृकार्यात उजव्या, ते अपसव्य. श्राद्धात दोन्ही असतात, म्हणून गुरुजी सारखे फिरवायला लावतात. दाखल्यासाठी संकेतस्थळ उघडा, ओटीपी घ्या, तो येईपर्यंत पान संपते, पुन्हा लॉगिन, पुन्हा फाइल चढवा, फाइल मोठी म्हणून पुन्हा लहान करा. याला दुसरा शब्द कुठल्याच भाषेत सापडायचा नाही.

‘आवाहन’ मात्र सांभाळून लिहावे. षोडशोपचार पूजेतला पहिला उपचार आवाहन, देवाला बोलावणे. आव्हान म्हणजे लढायला बोलावणे. घाईत टाइप करताना एका हलन्ताने ‘नागरिकांना पाणी जपून वापरण्याचे आव्हान’ अशी बातमी छापून येते. गंमत अशी की प्रोग्रामर फंक्शन ‘इन्व्होक’ करतो तो शब्दही लॅटिनमध्ये देवाला हाक मारण्याचाच. मराठी पाठ्यपुस्तकात त्याला आवाहन म्हटले तर अजिबात चुकणार नाही.

शेवटी टंकलेखन. ‘ॐ’ हे युनिकोडमध्ये ०९५० क्रमांकाचे एकच चिन्ह आहे. ‘ओम्’ मध्ये तीन आहेत. संगणकाच्या लेखी दोघांचा काही संबंध नाही, त्यामुळे एक शोधल्यावर दुसरा सापडत नाही. मघाच्या ‘ॲव्हटार’मधला ॲ दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एकसंध किंवा ‘अ’वर चंद्र देऊन, दिसायला सारखे, शोधायला वेगळे. ‘अवतार’ लिहिले तर हे लचांडच नाही. ‘श्री’ डोळ्यांना एक अक्षर दिसते पण मोजले जाते चार: श, हलन्त, र, वेलांटी. ‘श्री सिद्धेश्वर’ पंधरा भरते. देवनागरीत एसएमएसची मर्यादा ७० चिन्हांची आहे, इंग्रजीची १६०. मजकूर त्यापुढे गेला की प्रत्येक तुकड्याला ६७ मिळतात आणि तेवढ्या एसएमएसचे पैसे लागतात. मंडळाच्या हजार वर्गणीदारांना निरोप पाठवायचा असेल तर ‘श्रीं’चा जयजयकार एकदाच करावा.

आणि मुलाचे नाव ॐकार ठेवले असेल तर शाळेच्या दाखल्यावर ॐकार, ओंकार आणि ओमकार यांतले एकच रूप ठरवून तेच आधारवर, तेच बँकेत द्यावे; रोमनमध्येही ‘एम’ की ‘एन’ ते त्याच वेळी ठरवावे. नाव जुळवणारा प्रोग्राम अक्षरे जुळवतो, उच्चार नाही.